साठ किलोवर आलं की कंबर धरते, वजन वाढवायचं तरी कसं?

टूलरूमवाला

नमस्कार मंडळी. वय ४७, वजन ७८, राहायला चिंचवड, नोकरी भोसरी एमआयडीसीत एका टूलरूममध्ये.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत लोखंडी कपाट एकट्यानं सरकवायला गेलो. सरकेना, म्हणून एक कोपरा उचलून वळवायला बघितलं. तिथंच कमरेत उसण भरली. कपाट तिरकं तसंच राहिलं आणि मी त्याच्या शेजारी फरशीवर आडवा. दुसऱ्या दिवसापासून डाव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत कळ. एमआरआय झाला. एल५-एस१ ची, म्हणजे मणक्यातली अगदी खालची, गादी सरकून नस दबलीय असं निघालं. ऑपरेशनची गरज नाही म्हणाले. फिजिओथेरपी केली, तीन महिन्यांत पायातली कळ गेली, सहा महिन्यांत बाइकवरून कामावर जायला लागलो.

डॉक्टर आणि फिजिओ दोघांचंही म्हणणं पडलं की आता कंबर मजबूत करा, वजनं उचलायला हरकत नाही, फक्त हळूहळू. आता हे हळूहळू म्हणजे किती, ते कोणी सांगत नाही. आमच्याकडे ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, लिहिलेला नसेल तर मी ते ड्रॉइंग परत पाठवतो.

जिममध्ये डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहणं, ३० किलोपासून चालू केली. दर आठवड्याला ५ किलो वाढवत गेलो. सातव्या आठवड्यात ६० वर आलो आणि कंबर धरली. पायात कळ नव्हती, पण चार दिवस सरळ उभं राहता येईना. महिनाभर थांबलो, परत ३० पासून. परत ६० वर तेच. तिसऱ्यांदा कमरेचा पट्टा घेतला, चांगला चामड्याचा. ६० वर तेच, आणि या वेळी दहा दिवस.

ट्रेनर २३ वर्षांचा आहे. म्हणतो, सर, मनातली भीती काढा. भीती मनात नाही रे बाबा, कमरेत आहे. बायकोचं म्हणणं वेगळंच, की पट्टा ओएलएक्सवर टाका.

चाळिशी-पन्नाशीत गादीचं दुखणं होऊन परत वजनाकडे वळलेलं कोणी आहे का इथं? किती वाढवलं, किती दिवसांनी वाढवलं, आकडे सांगा. "शरीराचं ऐका" नको. माझं शरीर ५५ पर्यंत काही बोलतच नाही.

---

निवांत बाकडं

कपाटानं एकदा सांगितलं, बारबेलनं तीनदा. अजून कोणी सांगायचं? चिंचवडला राहता तर सकाळी दुर्गा टेकडी चढा, खाली येऊन बारा सूर्यनमस्कार घाला, पोहे खा. मी ६१ चा आहे, आयुष्यात डंबेलला हात लावला नाही, कंबर ठणठणीत.

---

तपासणीची खोली

मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथं बसून तुमची तपासणी होणार नाही, पण तीन गोष्टी सांगतो.

लघवी-संडासवरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा येणं, किंवा पाऊल लुळं पडून चप्पल पायातून निसटायला लागणं, यातलं एक जरी झालं तरी फोरमवर लिहीत बसायचं नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल.

एमआरआयचा रिपोर्ट कपाटात ठेवून द्या. (तेच कपाट असेल तर दुसऱ्या कोणाकडून उघडून घ्या.) ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात चाळिशीतल्या साधारण ५० टक्के आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांची गादी फुगलेली दिसली. सरकलेल्या गादीचा बाहेर आलेला भाग पुष्कळांमध्ये काही महिन्यांत आपोआप आक्रसतो. "मणक्यात गॅप आलाय" असं ऐकून लोक आयुष्यभर बादलीसुद्धा उचलत नाहीत, त्याची गरज नसते.

आणि निवांतकाका, सूर्यनमस्कार उत्तमच, पण गादीच्या दुखण्यात पहाटे उठल्या उठल्या हस्तपादासनात पूर्ण वाकणं हेच पुष्कळांना आधी टोचतं. डेडलिफ्ट वाईट आणि सूर्यनमस्कार चांगला अशी वाटणी कमरेला कळत नाही.

---

हजेरीवही

टूलरूमवाले भाऊ, आकडे मागितलेत म्हणून लिहायला बसले, नाहीतर मी इथं नुसती वाचत असते.

वय ५४, वजन ५८, कराडला हायस्कूलमध्ये गणित शिकवते. नऊ वर्षांपूर्वी शाळेत पोषण आहाराच्या तांदळाचं ५० किलोचं पोतं दारातून आत ओढायला गेले. पाऊस आला होता, शिपाई मामा जागेवर नव्हते, पोतं भिजेल म्हणून घाई. ओढता ओढता वळले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. माझं एल४-एल५. चार महिने खुर्चीत बसून शिकवलं. नोकरीत तोवर कधी बसून शिकवलं नव्हतं, पोरांना वाटलं बाई रागावल्यात.

आज डेडलिफ्ट ७० किलो, पाच वेळा. हा आकडा मिरवायला सांगत नाही. पहिल्या दिवशी मी १२ किलो उचलले होते आणि एक वर्षानं ३२ वर होते, या दोन आकड्यांसाठी सांगतेय. वर्षात २० किलो वाढले. तुम्ही सहा आठवड्यांत ३० वाढवलेत, तेही तीनदा.

आता तुमचा हिशेब मांडू. आठवड्याला ५ किलो म्हणजे वर्षाला २६०. तीसपासून निघालात तर पुढच्या दिवाळीत २९० किलो. तिथं जायचंय का? नाही ना. म्हणजे हा वेग कुठंतरी तुटणार हे पहिल्या दिवशीच ठरलेलं होतं, प्रश्न फक्त कुठं तुटणार एवढाच. तुमचं ६० वर तुटलं.

स्नायू सहा-आठ आठवड्यांत तयार होतात, म्हणून बार हलका वाटायला लागतो. कंडरा मागून येतात. आणि गादीला तर थेट रक्तपुरवठाच नाही, आजूबाजूनं जे झिरपतं त्यावर तिचं चालतं, त्यामुळे ती सगळ्यात मागं. तुमचं शरीर ५५ पर्यंत बोलत नाही म्हणता, ते स्नायू बोलत नाहीत. त्यांना मजा येत असते.

मग कोणाला विचारायचं? मी बेसिनला विचारते. हसू नका. सकाळी दात घासताना बेसिनवर वाकावं लागतं. कमरेचं दुखणं झालेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की त्या वेळी दुसरा हात आपोआप बेसिनच्या काठावर जातो. हात गेला की त्या दिवशी वहीत फुली. गेला नाही की बरोबर. माझ्याकडे शाळेची जुनी हजेरीवही आहे, तिच्यात रकाने पाडलेत: तारीख, किलो, किती वेळा, उद्याचं बेसिन, परवाचं बेसिन. परवाचा रकाना महत्त्वाचा, कारण जास्त झालेलं पुष्कळदा दुसऱ्या दिवशी कळत नाही, तिसऱ्या दिवशी कळतं. एकाच वजनाला ओळीनं तीन वेळा दोन्ही रकान्यांत बरोबर आली तरच वजन वाढवायचं. मधे एक फुली आली की मोजणी परत एकपासून. ओळीनं दोन फुल्या आल्या की एक पायरी खाली. आपल्याला काय वाटतंय याला या वहीत रकानाच नाही.

किती वाढवायचं? बहुतेक जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट १.२५ ची असते, दोन्ही बाजूंना लावली की २.५ किलो. तुम्हाला ते चालेल. मी १२ वर होते तेव्हा मला २.५ म्हणजे पाचवा हिस्सा झाला असता, म्हणून जुन्या परकराच्या कापडाच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या शिवल्या, वाळू भरली आणि दोन्हीकडे नाड्यानं बांधल्या. घरात सगळ्यांनी चेष्टा केली. पिशव्या अजून आहेत.

जिमच्या आधीचंही सांगते, कारण तिथं माझे पाच महिने गेले. आधी स्टुलावरून अर्धी बादली उचलायची, जमिनीवरून नाही. पाठीला उभी काठी लावून वाकायला शिकले. डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली राहिली पाहिजे आणि वाकायचं ते खुब्यातून. हे आरशासमोर रोज. मुलीनं व्हिडिओ काढला तेव्हा कळलं की मला जे सरळ वाटत होतं ते धनुष्य होतं. कॅनडातले मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन व्यायामही तेव्हा केले: उताणं झोपून डोकं-खांदे किंचित उचलणं, कुशीवरची फळी, आणि चौपायी होऊन उलटसुलट हात-पाय लांब करणं. कंटाळवाणे आहेत. केले.

माझं ध्येय होतं सिलिंडर. टाकीत गॅस १४.२ किलो आणि टाकीचं स्वतःचं वजन पंधरा-सोळा, ते टाकीवरच लिहिलेलं असतं. भरलेली टाकी साधारण ३० किलो. गॅलरीतून ओट्यापर्यंत ती कोणाला हाक न मारता न्यायची, एवढंच मनात होतं. तेरा महिने लागले. त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाही, शिरा केला.

आता माझी चूक. तिसऱ्या वर्षी ४० वर होते. दिवाळीची सुट्टी, झोप झालेली, पेपर तपासायचे नव्हते. बार पिसासारखा उचलला गेला म्हणून एकदम ५ वाढवले. कंबर धरली. तेव्हापासून हलकं वाटण्याच्या दिवशी मी जास्त जपते. जड वाटतं त्या दिवशी माणूस आपसूक सांभाळून असतो. परत ४० वर यायला आठ आठवडे लागले. पाच किलोसाठी दोन महिने, काय सौदा.

शेवटचं, दोन प्रश्न विचारते. ६० साठी बारला कोणत्या प्लेटी लावता? आणि व्यायाम किती वाजता करता?

---

टूलरूमवाला

ताई, सलाम. परकराच्या पिशव्या वाचून बायको पहिल्यांदा या धाग्यात डोकावली.

प्लेटी १० च्या चार. बार २०, एकूण ६०. २० च्या प्लेटी नेहमी पोरांच्या बेंचवर असतात, मागायला लाज वाटते. व्यायाम पहाटे साडेपाचला. पाचला उठतो, सातची शिफ्ट असते.

---

हजेरीवही

मला वाटलंच. उद्या जिममध्ये टेप घेऊन जा आणि बारचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटीचा व्यास ४५० मिलिमीटर असतो, म्हणजे बार साडेबावीस सेंटिमीटरवर हवा.

---

टूलरूमवाला

मोजलं. १० च्या प्लेटीवर बारचा मध्य १६ सेंटिमीटर. सुरुवातीला ३० साठी ५ च्या प्लेटी लावायचो, त्या लावून मोजलं तर ११.५!

म्हणजे गेलं वर्षभर मी बार जवळजवळ चपलेच्या उंचीवरून उचलतोय. ६.५ सेंटिमीटरचा फरक. कामावर ६.५ मायक्रॉनसाठी मी पोरांना बोलतो. ट्रेनरला टेप दाखवली तर म्हणाला, सर, कोणी मोजत नाही.

मोबाईल उभा करून व्हिडिओ काढला. ४० वर, १६ सेंटिमीटरवरून: धनुष्य. दोन २० च्या प्लेटी आडव्या टाकून त्यांच्यावर बार ठेवून उचलला: बऱ्यापैकी सरळ.

---

हजेरीवही

झालं तर. वाकड्या कमरेची सवय तुम्हाला तीसवर लागली, ते वजन हलकं होतं म्हणून खपून गेलं. साठवर वसुली झाली. प्रत्येक वेळी परत ३० पासून सुरू करत होतात, म्हणजे परत ११.५ सेंटिमीटरच्या शाळेतच नाव घालत होतात.

प्लेटीखाली काहीही ठेवा, पण दोन्हीकडे सारख्या उंचीचं आणि न हलणारं. मी घरी सासूबाईंचे दोन शिसवी पाट ठेवले होते. उंची अगदी बरोबर आली. पुढं एका पाटाला चीर गेली, त्यावर आजही घरात बोलणं होतं, तेव्हा पाट नको.

वेळेचं. रात्रभर झोपेत गादी पाणी शोषून फुगते. सकाळी आपण एक-दोन सेंटिमीटर उंच असतो ते त्यामुळेच. त्या फुगलेल्या गादीवर उठून अर्ध्या तासात वाकून ओझं घेणं म्हणजे सकाळची सगळ्यात वाईट वेळ निवडणं. संध्याकाळी जा. जमतच नसेल तर उठल्यावर तासभर हिंडा-फिरा आणि मग बारला हात लावा.

सुरुवात ६० च्या साठ टक्क्यांवरून करा. ३६ येतात, ३५ धरा. आठवड्यातून दोनदा, पाच-पाचच्या तीन फेऱ्या. पाचवा झाल्यावर अजून दोन-तीन निघाले असते असं वाटलं पाहिजे, ते काढायचे मात्र नाहीत. वाढ २.५ ची, वहीच्या नियमानं. ३५ ते ६० दहा पायऱ्या होतात. एकही फुली आली नाही तरी पंधरा आठवडे. फुल्या येणारच, म्हणून सात-आठ महिने धरून चाला.

पट्टा विकू नका. पण तो पोटानं आतून दाबायला काहीतरी मिळावं म्हणून असतो, वाकडी कमर सरळ करायला नाही. ५० च्या खाली नकोच.

---

तांबडी माती

ताई कराडच्या, म्हणजे खाशाबांच्या गोळेश्वरच्या शेजारच्या. १९५२ च्या हेलसिंकीचं ब्राँझ तुमच्या मातीतलं, तेव्हा तुमच्याशी वाद नाही.

मी कोल्हापूरचा. लहानपणी तालमीत गेलो तर वस्तादांनी सहा महिने कुस्तीच धरू दिली नाही. रोज फावड्यानं हौद खणायचा, माती वर-खाली करायची, मग जोर-बैठका, मग घरी. नाल, म्हणजे तालमीतलं दगडी वजन, उचलायला जायचो तर हातावर काठी बसायची. तेव्हा वाटायचं म्हातारा फुकटात माती खणून घेतो. आता ५० ला कळतंय.

एक भर घालतो. बादली घ्या, एका हातात धरून गच्चीवर सरळ चाला, कलायचं नाही. मग दुसऱ्या हातात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा वाढवायचं तर तांब्या-तांब्यानं वाढवा. एवढी बारीक प्लेट बहुतेक जिममध्ये मिळत नाही. पाणी सांडलं तर समजायचं चाल चुकली.

---

निवांत बाकडं

मंडळी, तांब्यानं वजन मोजताय, पाटावर बारबेल बसवताय. लग्न आहे की व्यायाम?

बाय द वे, काल टेबलाखालचा रिमोट उचलताना माझी कंबर धरली. हसा. हजेरीवहीवाल्या ताई, काठीचं ते काय ते जरा परत सांगा.

---

टूलरूमवाला (सात महिन्यांनंतर)

धागा वर काढतोय, कोणीतरी निरोपात विचारलं होतं.

वही घातली. शाळेची नाही, टूलरूमची इन्स्पेक्शन रिपोर्टची. रकाने तेच. आज ५७.५, पाच-पाचच्या तीन फेऱ्या, तिसऱ्यांदा. सात महिन्यांत अकरा फुल्या. त्यातल्या चार ऑडिटच्या आठवड्यातल्या, तेव्हा झोपच नव्हती. बारशी त्यांचा काही संबंध नसावा, पण फुली ती फुली. दोन फुल्या गावाकडून सहा तास गाडी चालवत आलो त्या. ४७.५ वर सात आठवडे अडकलो होतो. दोनदा खाली ४५ वर आलो. त्या वेळी एकदा राग येऊन सरळ ६० लावले होते. लावले, बघितले, काढून ठेवले.

प्लेटीखाली आता कंपनीतल्या भंगारातून घेतलेले दोन नायलॉनचे ब्लॉक आहेत, मिलिंग करून बरोबर उंचीचे केलेत. दोन्हींत फरक ०.०२ मिलिमीटर. ट्रेनरनं तसाच एक जोड मागितलाय. त्याची कंबर गेल्या महिन्यात धरली.

संध्याकाळी सहाला जातो. २० च्या प्लेटी मागायला लाज वाटायची ती आता वाटत नाही. पोरं 'काका आले' म्हणत आणूनच देतात.

कपाट अजून तिरकं आहे. हलवायला माणसं बोलावणार आहे. ताई, गुरुवारी ६० लावू का?

---

हजेरीवही

आजचा तिसरा दिवस आहे ना? मग परवाचा रकाना अजून रिकामा आहे. बेसिनवर हात कुठं होता ते परवा सकाळी लिहा, मग बघू.